मापाडीला न दिसलेला गोली

हरलेल्या माणसाला जिंकलेल्याच्या मानेवर पाय देता येतो, हा शोध कुठल्या शास्त्रज्ञाचा नाही. तो आमच्या आबांचा. तालमीच्या कट्ट्यावर बसून, भाजलेल्या शेंगा सोलत सोलत त्यांनी तो लावला. शास्त्रज्ञांनी बिचाऱ्यांनी नुसतं यंत्र बनवलं. त्याची अशी वाट लावता येते हे त्यांना कुठून कळणार? त्यांच्यातला एकही कोल्हापूरचा नव्हता.

आबा म्हणजे मल्हारी बुचडे, बुरुजाकडील तालमीचे वस्ताद. माझे वडील. तालीम कुस्तीची, पण आमच्या शहरात प्रत्येक तालमीचा फुटबॉल संघ असतो आणि माणसाचं आडनाव विचारायच्या आधी तालीम विचारतात. आबा मोडलेली हाडंही बसवायचे. लेप, बांबूच्या कामट्या आणि वर घट्ट पट्टी. अर्ध्या पेठेचे हातपाय त्यांनी सरळ केलेत आणि त्याचा एक पैसा कधी घेतला नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल चांगलं काही बोलणार नाही.

माझा धाकटा भाऊ यशोधन तुळशी कॉलेजचा गोली, म्हणजे गोलकीपर. तुळशी कॉलेजात सगळी आमच्या पेठेची पोरं आणि कासारी कॉलेजात चावडीमागच्या तालमीची. त्यामुळं मॅचला जर्सी कॉलेजच्या असायच्या आणि शिव्या पेठांच्या. आई मी दहावीत असताना गेली. यशोधन तेव्हा चड्डीत फिरत होता. आबांनी त्याला एकट्यानं वाढवला, तालमीच्या अंगणात उड्या मारायला शिकवल्या, आणि रोज सकाळी तेल लावून त्याचे हात चोळले. गोलीचे हात म्हणजे देव्हाऱ्यातला देव, असं म्हणायचे.

आणि मी संयुक्ता. विभागीय क्रीडा कचेरीत गुणांकन सहायक. म्हणजे शिव्या खायची सरकारी नोकरी. दर सोमवारी संध्याकाळी राज्यातल्या कॉलेजांची क्रमवारी लागायची आणि मंगळवारी सकाळपासून घसरलेल्या संघांचे कोच मला फोन करून माझ्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. मी त्यांना समजावायचं, की बाबांनो, तुम्ही का घसरलात.

क्रमवारी लावणाऱ्या त्या यंत्रणेचं सरकारी नाव लांबलचक होतं. कोल्हापुरानं दुसऱ्याच दिवशी तिचं बारसं केलं: मापाडी. गुळाच्या सौद्यात काट्याजवळ उभा राहून वजन करणारा, ज्याच्या शब्दावर शेतकरी आणि व्यापारी दोघंही गप्प बसतात, तो मापाडी.

पूर्वीची पद्धत सोपी होती. जिंकलं की गुण. पण राज्यात शेकडो कॉलेजं, सगळी सगळ्यांशी खेळणार कशी? मग एखादा संघ दहा लंगड्या संघांना हरवून वर जाऊन बसायचा आणि वाघांशी झुंजून दोनदा हरलेला खाली राहायचा. मापाडी आधी एकच विचारतो: हरवलंस ते कुणाला? आणि ज्याला हरवलंस, त्यानं कुणाला हरवलंय? आणि त्यानं? आता हे तर गोल फिरत राहणार. तुझी ताकद माझ्यावरून ठरणार, माझी त्याच्यावरून, त्याची परत तुझ्यावरून. म्हणून मापाडी सुरुवातीला सगळे संघ सारखेच धरतो. मोसमातल्या सगळ्या मॅचेस त्यात घालतो, नवे आकडे काढतो. ते आकडे परत आत घालतो. असं हजारो वेळा पाखडत राहतो, आणि शेवटी आकडे हलायचे थांबतात. तीच खरी ताकद.

नुसते गोलही तो मोजत नाही. पोरांच्या जर्सीखाली पातळ बनियन असते, तिच्यात नाडी, दम, धाव, सगळं कळतं. मैदानाभोवती कॅमेरे. फटका किती अवघड जागेवरून मारला, गोली कुठं उभा होता, पाय किती दमले होते, हे सगळं हिशेबात. कुणी मुद्दाम ढिला खेळला तर मापाडी लगेच ओळखतो, कारण पाय खोटं बोलतील पण नाडी बोलत नाही. मागच्या वर्षी सांगलीकडच्या एका कॉलेजानं एक मॅच सोडली. दोन मोसम घरी बसले.

आता यातली मेख बघा. मॅच संपली तरी मापाडीकडं ती संपत नाही. तुम्ही श्रावणात ज्याला हरवलंत तो मार्गशीर्षात धडाधड हरायला लागला, तर तुमचा श्रावणातला विजय तिथं बसल्या बसल्या हलका होतो. जिंकलेल्याला हरलेल्याची काळजी करावी लागते. मला हे सुंदर वाटायचं, खरं सांगते. वाटायचं, यानं पेठापेठांमधली ईर्षा कमी होईल. किती खुळी होते मी!

*

कासारी कॉलेजनं आम्हाला मोसमाच्या सुरुवातीलाच हरवलं होतं. एक शून्य. सगळी मॅच कासारीची पोरं आमच्या गोलावर आदळत होती आणि यशोधन एकटा फटके काढत होता. वरचे, खालचे, हातभर अंतरावरचे. आमचा बचावातला स्टॉपर दिगू, शेजारचाच पोरगा, तर नुसता कमरेवर हात ठेवून बघत होता. शेवटी शेवटी श्रेणिक मगदूमचा एक फटका बसला तो बसलाच. श्रेणिक म्हणजे कासारीचा मुख्य फॉरवर्ड आणि यशोधनचा बालवाडीपासूनचा दोस्त. पेठा वेगळ्या, शाळा एक. गोल झाल्यावर तो नाचला नाही, आधी यशोधनला उठवायला गेला.

पण त्याच्या पेठेला कुठलं तेवढं शहाणपण? संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी हलग्या वाजल्या. आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

मोसम सरत आला तेव्हा चित्र असं होतं. पहिले चार संघ देशाच्या कॉलेज लीगला जाणार आणि तिथूनच मोठे क्लब पोरं उचलणार. कासारी चौथ्या नंबरावर, नखाच्या टोकावर उभी. त्यांच्या मॅचेस संपलेल्या. आम्ही कुठंतरी मधे, ना वर ना खाली. आमची एकच मॅच राहिलेली, डोंगरवाडी कॉलेजशी, आणि डोंगरवाडी म्हणजे अगदीच सुमार. आम्ही जिंकलो किंवा बरोबरी केली तर कासारीला धक्का नव्हता. आम्ही मोठ्या फरकानं हरलो तर मात्र आमची ताकद पडणार, आम्हाला हरवल्याची किंमत पडणार, आणि कासारी पाचवी होणार. हे मी कुणाला सांगायची गरजच नव्हती. कोल्हापुरात पानपट्टीवाल्यालाही तोंडपाठ होतं.

म्हणून एक दिवस चावडीमागची माणसं आमच्या सरावाला आली. गळ्यात आमच्या रंगाचे रुमाल! 'तुळशी झिंदाबाद' म्हणून ओरडायला लागली. आमची पोरं आधी हसली, मग संकोचली. श्रेणिक दुधाची कॅन आणि बदामाचा पुडा घेऊन पुढं आला आणि आबांच्या पायाशी वाकला.

"वस्ताद, यशाच्या खुराकाला आणलंय. आमच्या घरच्या म्हशीचं हाय."

"आमच्यात म्हशी मेल्यात काय रे?" आबा म्हणाले.

"तसं न्हवं वस्ताद." पोरगं कळवळून बोलत होतं. "माझं शेवटचं वर्ष हाय. आता सगळं यशाच्या हातात. त्याला जपा. आता तो आमचा पण गोली हाय की!"

मागं कुणीतरी शिट्टी मारली, चारजण हसले. श्रेणिक हसला नव्हता. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण आबांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. त्यांनी कॅन घेतली आणि सगळ्यांच्या देखत दूध गटारात ओतलं.

"आमचा पोरगा," ते म्हणाले, "तुमचा कोण बी लागत न्हाई."

त्या दिवसापासून आबा कट्ट्यावर बसून विचार करायला लागले. शेंगांच्या टरफलांचा ढीग पडायचा. आणि आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी माणूस किती डोकं चालवू शकतो, ते मी डोळ्यांनी बघितलं.

*

आधी त्यांनी यशोधनला सरळच विचारलं. "डोंगरवाडीला सोड चार-पाच गोल."

यशोधन भाकरी मोडत होता. "आबा, मापाडीला कळतंय ते. माझी नाडी सांगेल की."

"आणि कळलं नसतं तर?"

"तरी पण न्हाई. मी गोल खायला उभा राहत न्हाई तिथं."

"दोस्तासाठी?"

"श्रेणिकचं काय मध्येच! माझ्यासाठी." त्यानं घास तोंडात टाकला. "तुम्हीच शिकवलंय. गोलीनं बापाचा पण फटका सोडायचा न्हाई."

आबा हसले. मला वाटलं, विषय मिटला. त्यांनी ताटातली कांद्याची फोड उचलली आणि सहज विचारल्यासारखं मला विचारलं, "संयू, आमच्या संघात कुणावर किती भार हाय, हे तुझ्या मापाडीला ठाऊक हाय काय?"

माझ्या कामाबद्दल आबांनी आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी हुरळून गेले. म्हटलं, "एखादा खेळाडू असताना संघ कसा खेळतो आणि नसताना कसा, ह्या दोन्ही गोष्टी बघितल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. यशोधन एकही मॅच बाहेर बसलेला नाही. म्हणजे आपण कमी गोल खातो ते त्याच्यामुळं, का दिगूमुळं, का सगळ्यांमुळं, हे मापाडीला सांगता येत नाही. मग तो भार सगळ्यांवर वाटून टाकतो."

"म्हणजे अकरातला एक."

"साधारण तसंच. पण—"

"आणि तो एक नसला आणि बाकीचे जीव तोडून खेळले आणि तरी हरले, तर ते ढिलं खेळले असं म्हणायचं न्हाई."

"नाही. त्यांची नाडी खरी असेल ना. पण आबा, त्याच्यापुढं अजून एक—"

"बास," आबा म्हणाले. "कळलं मला." ते हात धुवायला उठले. हिशोब जमल्यावर माणूस जसा हलका होतो तसे दिसत होते. मी यशोधनकडं बघून डोळे मिचकावले, की म्हाताऱ्याला विज्ञानात गोडी लागली बरं का. त्यानंही मान हलवली.

*

मॅच रविवारी होती. सकाळी पोरांची बस तालमीसमोर उभी होती. यशोधनची बॅग घरीच राहिली होती, ती घेऊन मी गेले. दारात चप्पल काढत होते तेव्हा आतून आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. ओली काटकी मोडावी तसा काहीतरी आवाज, आणि मग यशोधननं एकदाच श्वास आत ओढला.

आखाड्याच्या कडेला लाकडी बाक होता. यशोधन खाली मातीत बसलेला, उजवा हात बाकावर. हाताला तेल लावलेलं, चमकत होतं. आबा बाकापाशी उभे, एक गुडघा अजून बाकावर.

"पाय घसरला त्याचा," आबा म्हणाले.

यशोधन आबांच्या तोंडाकडं बघत होता. पडलेला माणूस असा कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. रोजच्यासारखा चोळायला म्हणून हात मागितला असेल, आणि यानं दिला असेल. वीस वर्षांचा घोडा झाला तरी बापानं हात मागितला की देत होता.

"आबा, काय केलंत हे!" मी किंचाळले. "तुम्हाला माणूस म्हणायचं की—"

"हळू बोल. पोरं बाहेर हैत." त्यांनी कोपऱ्यातून कामट्या ओढल्या. आधीच तासून, कापड गुंडाळून ठेवलेल्या होत्या! "एकच हाड हाय, कोपराखालचं, करंगळीच्या अंगाचं. दुसरं शाबूत हाय, त्याच्या आधारानं जुळतंय. महिन्यात चेंडू धरंल. मी मोडलंय म्हणजे मला ठाऊक हाय कसं मोडलंय."

स्वतःच्या तोंडानं बोलून गेले आणि त्यांना कळलंही नाही.

मी यशोधनला उठवायला लागले. "चल. दवाखान्यात चल."

"आणि तिथं सांगणार काय?" आबांनी लेप थापत विचारलं. "डॉक्टर बघितल्या बघितल्या विचारंल, कुणी मोडला? मग पोलीस. बापाला आत घालायचं असेल तर ने. आणि बुचड्यांचा हात दवाखान्यात बांधला, हे पेठेला सांगायला पण तूच जा."

पट्टी आवळली जात होती. प्रत्येक वेढ्याला यशोधनच्या कपाळावर घाम फुटत होता. तो अजूनही आबांकडंच बघत होता.

"ताई, असू दे," तो म्हणाला. "तू मॅचला जा."

आणि मी गेले. कचेरीकडून मैदानावर माझी नेमणूक होती. नोकरी होती, दुसरं काय!

*

आमची पोरं जीव तोडून खेळली. खरंच खेळली. त्यांना वाटत होतं यशोधन घसरून पडला, आणि त्याच्यासाठी तरी जिंकायचं. दिगू तर मैदानावर ओकला. पण गोलात राखीव पोरगा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी डोंगरवाडीसारख्या सुमार संघाचे फटके आत. आठ गोल झाले. मापाडीच्या पडद्यावर आमच्या पोरांच्या नाड्या लाल रेषांत धडधडत होत्या. लबाडीचा कुठं मागमूस नाही. स्टेडियमच्या एका टोकाला चावडीमागची माणसं दगडासारखी बसली होती. श्रेणिकनं शर्टात तोंड खुपसलं होतं.

घरी आले तर यशोधन कॉटवर पडलेला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता रिक्षा आणते. तो म्हणाला, "आता दुखायचं थांबलंय गं. झोपू दे."

"बघ," आबा दारातून म्हणाले, "लेप लागू पडला."

मला बरं वाटलं. दुखायचं थांबलं हे ऐकून मला बरं वाटलं! बोटं चादरीत होती.

*

सोमवारी संध्याकाळी कचेरीत आकडे हलायला लागले. मी कासारीच्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. चार. पाच. चार. परत पाच. मग आकडा अडखळल्यासारखा झाला आणि स्थिरावला.

तीन.

मला वाटलं, यंत्र बिघडलं. मापाडी प्रत्येक आकड्याची कारणमीमांसा देतो, ती मी उघडली. जेवताना आबांनी मला बोलू दिलं नव्हतं ते हेच होतं.

मापाडीनं तोवर यशोधनशिवायची तुळशी बघितलीच नव्हती. आता पहिल्यांदा बघितली. तीच दहा पोरं, तीच धाव, तेवढाच जीव, समोर संघ सुमार, आणि गोल आठ. मग त्यानं मागं जाऊन सगळा मोसम नव्यानं तोलला. अकरांवर वाटलेला भार काढून एकाच्या नावावर टाकला. तुळशीची भिंत म्हणजे अकरा माणसं नव्हती, एक माणूस होता. तुळशीचा संघ दुबळा ठरला खरा, पण तो यशोधन नसलेला. कासारी खेळली होती ती यशोधन असलेल्या तुळशीशी. त्या दिवशी श्रेणिकनं जो एक गोल घातला, तो राज्यातल्या सगळ्यात अवघड माणसाला घातला होता. एक शून्यचं वजन दुप्पट झालं आणि कासारी उचलली गेली.

आबांनी हात मोडला नसता तर कासारी कशीबशी चौथी राहिली असती. त्यांनी आपल्या हातानं तिला तिसरी केली.

मी खाली बघितलं. खेळाडूंची यादी त्याच वेळी नवी लागली होती. गोली, राज्यात पहिला: यशोधन मल्हारी बुचडे.

*

गल्लीत पोचले तर हलग्या आधीच आल्या होत्या. चावडीमागची माणसं गुलालानं माखून आमच्या दारात उभी, पण या वेळी डिवचायला नाही. हार घेऊन आली होती! "यशोधनला बाहेर आणा," ओरडत होती. "राज्यात पहिला! कोल्हापूरचा वाघ!" त्यांना हाताचं काय ठाऊक? पाय घसरला एवढंच ठाऊक.

आबा दारातल्या कट्ट्यावर बसले होते. डोक्यावर कुणीतरी गुलाल टाकला होता आणि तो झटकायचं त्यांना सुचत नव्हतं. "संयू," ते मला म्हणाले, "अकरातला एक म्हणालीस की तू."

"त्यानं बघितलं नव्हतं म्हणून, आबा! तुम्ही दाखवलंत!" मी एवढ्या जोरात ओरडले की हलगी थांबली. "ज्याचं वजन कुणाला ठाऊक नव्हतं ते तुम्ही काट्यावर टाकून दाखवलंत. आणि मग मोडून टाकलंत."

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. गोव्यातल्या मोठ्या क्लबमधून कुणी बाई मराठीत बोलत होत्या. श्रेणिकनंच आबांच्या हातातून घेऊन फोनचा आवाज मोठा केला. सगळ्यांनी ऐकलं. त्यांना यशोधन हवा होता. दुखापतीचं कळलंय, असं त्या म्हणाल्या, आम्ही थांबू, हाड कधीपर्यंत जुळेल?

आबा ताठ झाले. त्या एवढ्याशा क्षणात त्यांना वाटलं, सगळं भरून निघालं. "महिन्यात!" ते ओरडले. "मी स्वतः बांधलाय हात. मल्हारी वस्तादानं बांधलाय!"

आतून यशोधन दारात आला. चेहरा पांढरा. श्रेणिक हार घालायला पुढं झाला आणि त्यानं आनंदानं त्याचा पट्टीतला हात हातात घेतला. मग एकदम सोडला.

"वस्ताद," तो म्हणाला, "बोटं गार लागत्यात. आणि काळीनिळी दिसत्यात."

मी पट्टीकडं धावले. गाठ सुटेना. श्रेणिकनं दातांनी फाडली.

*

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. हाड जुळलं असतं, म्हणाल्या, हाडाचं काहीच नाही. पट्टी इतकी आवळली होती की आतली सूज बाहेर यायला जागा राहिली नाही आणि रक्त अडलं. दुखायचं थांबलं तेव्हाच आतलं मांस मेलं होतं. हात राहील. पण बोटं हळूहळू आत वळत जातील आणि परत उघडणार नाहीत.

श्रेणिक व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून रडत होता. त्याला क्लबांचे फोन येत होते आणि तो एकही उचलत नव्हता. मग एक उचलला. उचलायलाच पाहिजे होता, मी त्याला नावं ठेवत नाही.

आबा यशोधनच्या कॉटजवळ खाली फरशीवर बसले होते. गुलाल घामानं गळ्यात उतरला होता. त्यांना मी आईच्या वेळीही असं रडताना बघितलं नव्हतं. लहान पोरासारखं हुंदके देऊन रडत होते.

"मला ठाऊक असतं रे," ते म्हणत होते, "मला ठाऊक असतं तू एवढा मोठा गोली हैस, तर मी तुझ्या हाताला बोट लावलं नसतं."

यशोधननं मान वळवली आणि शांतपणे विचारलं, "मग कुणाच्या लावलं असतं, आबा?"

मला वाटलं, आता हा माणूस फरशीवर डोकं आपटून घेईल. त्यांनी डोळे पुसले. थांबले. आणि देवाशप्पथ सांगते, ते विचार करायला लागले.

"दिगूचा पाय चालला असता," ते म्हणाले.